टेकऑफ अर्ध्यावर सोडला, कारण पिटो नळीत कुंभारीण माशीची माती होती

तेरणाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आपल्या मराठवाड्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर शिकाऊ विमान टेकऑफच्या वेळी बाजूच्या मुरमात गेलं. रस्त्यावरून कुणीतरी काढलेला व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांपर्यंत पोचला असेल. त्या विमानात डाव्या सीटवर मी होते आणि उजव्या सीटवर आमचे इन्स्ट्रक्टर सर. दोघांनाही साधं खरचटलंसुद्धा नाही. डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) कळवलं आहे, चौकशी चालू आहे. म्हणून धावपट्टीचं, संस्थेचं, सरांचं नाव मी लिहिणार नाही. प्रतिसादांतही कुणी अंदाज बांधू नयेत ही विनंती.

धागा काढला तो त्या व्हिडिओखालच्या शेऱ्यांमुळे. "विमान कोसळलं", "पायलट घाबरला", "वेळेवर उचललं असतं तर काही झालं नसतं". माझ्या आईला आमच्या गावाकडून फोन सुरू झाले, तेव्हा मी अजून धावपट्टीच्या कडेला उभी होते. विमान कोसळलं नाही. ते उडालंच नाही, आणि उडवायचं नाही हे सरांनी दोन-तीन सेकंदांत ठरवलं. तो निर्णय बरोबर का होता, हे मला सविस्तर लिहायचं आहे.

साडेअकराची वेळ, तापमान ४० अंश. आमची धावपट्टी बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण २,००० फुटांवर आहे. विमान सेस्ना १७२, जुन्या काट्यांच्या डायलचं. सकाळी ते एकदा उडून आलं होतं आणि मग दोनेक तास उभं होतं. इंजिनची तपासणी, दोन्ही मॅग्नेटो, फ्लॅप, सगळं यादीप्रमाणे झालं. निघण्याआधी सर दर वेळी मोठ्यानं बोलतात तसं बोलले: "अर्ध्या धावपट्टीच्या आत काहीही वेगळं वाटलं तर थांबायचं. हवेत गेल्यावर इंजिन गेलं तर सरळ समोर. मागं वळायचं नाही."

थ्रॉटल पूर्ण दिला. इंजिनचे आकडे व्यवस्थित. वेगाचा काटा हलला, मी "एअरस्पीड अलाइव्ह", म्हणजे वेगाचा काटा जागा झाला, असं म्हटलं. काटा ४०पर्यंत आला आणि तिथंच रेंगाळला. आमचं विमान ५५ नॉटला (ताशी साधारण १०० किलोमीटर) नाक उचलतं. पण काटा ४०वर असतानाच नाक हलकं व्हायला लागलं होतं, कडेचे पांढरे दगड नेहमीपेक्षा भराभर मागं जात होते. डोळ्यांना दिसणारा वेग आणि डायलवरचा वेग जुळत नव्हता. सर म्हणाले, "माय कंट्रोल्स", म्हणजे विमान आता माझ्या ताब्यात, थ्रॉटल मागं ओढला आणि ब्रेक लावले. डावं टायर फुटलं, विमान डावीकडं ओढलं गेलं, कडेच्या मऊ मुरमात पुढचं चाक रुतलं आणि प्रोपेलरचं टोक जमिनीला लागलं. धूळ बसायच्या आत सरांनी मिक्श्चर, इंधन, मॅग्नेटो, मास्टर सगळं बंद केलं होतं. आम्ही उतरून वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो.

संध्याकाळी इंजिनिअरनी पंखाखालची पिटो नळी उघडली. आत बोटाच्या पेराइतक्या खोलीवर वाळलेल्या मातीचा बोळा निघाला. कुंभारीण माशीनं घर बांधायला घेतलं होतं. नळीच्या तोंडातून पाहिलं तर तिथवर नजर पोचत नाही.

ज्यांना पिटो नळी माहीत नाही त्यांच्यासाठी: तिचं तोंड पुढं असतं. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून मिळतो, आणि विमानाच्या अंगावरच्या दुसऱ्या छिद्रातून बाहेरचा साधा दाब. या दोन दाबांतला फरक म्हणजे वेगाचा काटा. नळी अर्धवट बुजली तर काटा मागं पडतो. आमचं तेच झालं.

आता खरा धोका. नळी पूर्ण बुजली आणि तरी उडालो, तर आतला दाब कोंडलेला राहतो. वर जाऊ तसा बाहेरचा दाब कमी होतो, फरक वाढतो आणि काटा वाढलेला वेग दाखवू लागतो. प्रत्यक्षात वेग तेवढा नसतो. पायलटला वाटतं आपण फार जोरात चाललोय. तो नाक आणखी वर घेतो, खरा वेग घटत जातो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल सुटते. ६ फेब्रुवारी १९९६ला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ असंच समुद्रात गेलं. १८९ माणसं गेली. त्यांची पिटो नळी माशीच्या घरानं बुजली असावी, हाच चौकशीत सर्वांत संभाव्य ठरलेला मुद्दा. त्यांच्याही लक्षात टेकऑफच्या धावेतच आलं होतं की कॅप्टनचा काटा चालत नाही.

म्हणून सांगते, त्या दिवशी सर घाबरले नाहीत. टायर आणि प्रोपेलर विकत मिळतात.

उजवी_सीट

ताई, तुम्ही दोघंही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, मूळचा परभणीचा. एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत मांडतो.

नाक हलकं व्हायला लागलं म्हणजे विमान उडायच्या जवळ आलं होतं. त्या वेगाला जोरात ब्रेक लावणं हाही धोकाच. १७२ला पूर्ण पॉवर आणि नेहमीचा नाकाचा कोन दिला की ती उडते, काटा असो नसो. सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी, पूर्ण करायचं, वाऱ्याचा हिशेब धरून जीपीएसवरचा वेग बघायचा आणि थोड्या जास्त वेगानं उतरायचं. हे शिकवलं जातं. मोठ्या विमानात ८० नॉटला दोन्ही पायलटच्या डायलवरचे वेग जुळवून बघतो. त्यानंतर थांबायची कारणं फार मोजकी ठेवतो.

सरांचा निर्णय चुकला असं मला म्हणायचं नाही. पण "शंका आली की थांबा" हा नियम सरसकट शिकवू नये. पुढं धावपट्टी किती उरली आहे, त्यावर ते ठरतं.

तेरणाकाठची

दादा, मुद्दा मान्य. सरही असंच म्हणतात: थांबायचं की जायचं हे उरलेल्या धावपट्टीवर ठरवायचं, आणि ते थ्रॉटल देण्याआधी ठरवायचं. आमच्यापुढं निम्म्याहून जास्त धावपट्टी शिल्लक होती. टायर फुटलं नसतं तर धावपट्टीवरच सरळ थांबलो असतो.

आणि दुसरं असं की त्या क्षणी फक्त काटा खराब आहे हे आम्हाला कुठं माहीत होतं? वेग जुळत नाही एवढंच कळलं होतं. कारण संध्याकाळी कळलं. मोठ्या विमानात जुळवून बघायला दुसरी, तिसरी नळी असते. आमच्याकडं एकच.

उजवी_सीट

एकच नळी, हा मुद्दा पटला. निम्म्याहून जास्त धावपट्टी शिल्लक असेल तर मीही थांबलो असतो.

भौतिकवाला_मास्तर

मी लातूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. टायर का फुटलं, याचं गणित मांडून बघतो. विमानवाल्यांनी तपासावं.

२,००० फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. प्रत्यक्षात ४०, म्हणजे २९ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३,४८० फूट. म्हणजे त्या दिवशीची हवा साधारण ५,५०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ. अशा हवेत डायलवर ५५ नॉट दिसायचे असतील तर विमानाला खरे जवळजवळ ६० नॉट पळावं लागतं. वेग आठ-साडेआठ टक्के जास्त. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ब्रेकना साधारण १८ टक्के जास्त ऊर्जा जिरवायची. त्यात तापलेलं डांबर. हिवाळ्यात सकाळी सातला हेच टायर कदाचित टिकलं असतं.

एक प्रश्न. निम्म्या धावपट्टीपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग यायलाच हवा, नाहीतर सोडून द्यायचं, असा पायलट मंडळींचा नियम वाचला होता. तो खरा आहे का? कारण तो सूत्रात अगदी नेमका बसतो. त्वरण सारखं असेल तर अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ०.७चा वर्ग ०.४९, म्हणजे जवळजवळ अर्धं. हा प्रश्न मी पोरांना देणार आहे.

तेरणाकाठची

सर, नियम खरा आहे, आम्हाला शिकवतात. छोट्या धावपट्टीवर तर फारच उपयोगी. पोरांना नक्की द्या.

त्यात एक भर: टेकऑफचं अंतर दर १,००० फूट उंचीला १० टक्के आणि दर १० अंश तापमानाला आणखी १० टक्के वाढतं, असा ढोबळ हिशेब. म्हणजे समुद्रकाठी १५ अंशांत जेवढं लागतं, त्याच्या दीडपट आमच्याकडं एप्रिलच्या दुपारी. थोडा वारा मागून असला तर आणखी. म्हणून उन्हाळ्यात सकाळच्या सॉर्टीसाठी (उड्डाणाच्या पाळीसाठी) सगळ्यांची ओढाताण असते.

गोदातीर

उन्हाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही संभाजीनगरची माणसं, आमच्या पिढीला २६ एप्रिल १९९३ विसरता येत नाही. चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ७३७, दुपारी एकच्या सुमारास. जवळजवळ पूर्ण भरलेलं विमान, उन्हाचा कडाका. अगदी धावपट्टीच्या टोकाशी उचललं. पलीकडं बीड रोड. तिथून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता, त्याला चाक धडकलं. विमान तसंच पुढं गेलं आणि काही किलोमीटरवर विजेच्या तारांना लागून पडलं. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत दोन गोष्टींवर ठपका आला: नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि विमानाच्या वेळेला बीड रोडवरची वाहतूक आवरली नव्हती.

माझे काका तेव्हा त्या रस्त्यानं रोज जा-ये करायचे. त्यानंतर कित्येक वर्षं चिकलठाण्याजवळ आले की गाडी हळू करून आधी आकाशाकडं बघायचे.

ताई, तुमच्या शेऱ्यावाल्यांना एवढंच विचारा की धावपट्टीच्या पुढं काय होतं. तिथं शेत होतं की रस्ता होता की वस्ती?

रानातला_माणूस

पुढं माझ्या भावकीचं रान हाय. मी तवा उसाला पाणी द्यायलालतो, आवाज ऐकून धुऱ्यावर आलो. धूळ दिसली, मग दोन माणसं चालत बाजूला गेलेली दिसली, जीव भांड्यात पडला. व्हिडिओ मी काढला नाही. काढणाऱ्याला मी दोन शब्द सुनावले.

एक इचारतो पोरी, रागावू नको. तुझे सर म्हणले इंजिन बंद पडलं तर सरळ समोर. समोर म्हंजे आमच्याच रानात. मागं धावपट्टी असताना तिकडं का वळत नाहीत?

आन एक सांगतो, उपेगाचं हाय. एप्रिल-मेत आमच्याकडं नांगरट झालेली असती. ढेकळं ही एवढाली. त्यात आडवं उतरलं तर चाक मोडून पडंल. नांगराच्या तासाच्या दिशेनं उतरायचं, मग गत लागंल. पावसाळ्यात काळ्या रानात तर उतरूच नये, चाक रुतून कोलांटी खाईल. त्यापरीस सोयाबीन काढलेलं रान बरं, नायतर बांधाकडंची गवताची पट्टी. आन तारा. आमच्या शिवारात शेतपंपाच्या तारा किती आडव्यातिडव्या हायत ते वरून दिसत नसतंय. खांब दिसतो, तार दिसत नाय. निलंग्याला २०१७ला फडणवीस साहेबांचं हेलिकॉप्टर उडताउडता तारांतच गुतलं होतं. नशीब समदे वाचले.

तेरणाकाठची

काका, रागावू कशी? इतकं नेमकं तर आम्हाला पुस्तकातही वाचायला मिळत नाही. तुमचा प्रतिसाद मी सरांना वाचून दाखवला.

मागं का वळत नाही ते सांगते. इंजिन गेलं की उंची फक्त कमी होत जाते. धावपट्टीवर परत यायचं तर नुसतं अर्धं वर्तुळ पुरत नाही, धावपट्टीच्या रेषेवर येण्यासाठी आणखी वळावं लागतं. पंख ४५ अंश कलवून वळलं तर विमान ज्या वेगाला स्टॉल होतं तो वेग जवळजवळ १९ टक्के वाढतो. म्हणजे इंजिन नाही, उंची तीन-चारशे फूट, आणि वळताना वेगही जास्त हवा. अशात विमान गिरकी घेऊन नाकावर पडतं, आणि त्यातून क्वचितच कुणी वाचतं. सरळ समोर, ताब्यातल्या विमानानं, कमीत कमी वेगात तुमच्या ढेकळांत उतरलं तर विमान मोडेल, पण माणसं बहुधा चालत बाहेर येतील. पुरेशी उंची असेल तर वळता येतं. ती किती हे विमान आणि वारा बघून आधीच ठरवायचं असतं.

खांब दिसतो, तार दिसत नाही, हे आम्हालाही शिकवतात: खांब दिसला की तार आहेच असं धरायचं.

काका, एक विनंती. आमच्या बॅचला तुमच्या शिवारातून एकदा पायी फिरवाल का? कुठलं रान कोणत्या महिन्यात कसं असतं ते प्रत्यक्ष बघायचं आहे. सरांची परवानगी मी काढते.

रानातला_माणूस

या की. सकाळी लवकर या, नऊच्या आत. भाकरी आमच्याकडं.

जुना_फिटर

मी तीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, आता जालन्यात असतो. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. प्रोपेलरचं टोक नुसतं जमिनीला "लागलं" हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण फिरतं पातं अचानक अडलं की तो झटका क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनच्या आतल्या मुख्य दांड्यापर्यंत जातो. आत बारीक तडा गेला असेल तर आज दिसणार नाही, पुढं कधीतरी हवेत मोडेल. म्हणून इंजिन उतरवून, खोलून तपासावं लागतं. मालकाला खर्च मोठा, वेळ मोठा. "पातं सरळ करून चालवा" असा आग्रह करणारे मी पाहिले आहेत. पोरांनो, कुणीही कितीही घाई केली तरी ते कागद पाहिल्याशिवाय त्या विमानात बसू नका.

दुसरी, पिटो नळी. तोंडानं फुंकून कधी बघायचं नाही. आतल्या डायलचा पडदा नाजूक असतो, तो फाटतो. कॉम्प्रेसरची हवा तर डायलची जोडणी सोडवल्याशिवाय मुळीच लावायची नाही. नळी साफ केल्यावर गळतीची चाचणी आणि काट्याची चाचणी, दोन्ही झाल्या पाहिजेत. आणि लाल फीत लावलेलं कव्हर रात्रीच्या मुक्कामालाच नव्हे, तासाभराच्या थांब्यालाही घालावं. आमच्या काळी "आत्ता तर परत उडायचंय" म्हणून दुपारी कुणी घालत नसे. अर्थात कव्हर घातलं की ते काढायची आठवण हवी, नाहीतर त्यानंही हाच काटा मरतो.

कीटकवेडी

धागा फार आवडला. मी कृषी कीटकशास्त्र शिकले आहे, अंबाजोगाईची.

दोन तासांत माशी नळी बुजवते हे कुणाला खोटं वाटेल, पण तसं घडलेलं आहे. २०१३ला ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एक एअरबस ए३३० साधारण दोन तास उभं होतं. तेवढ्यात कॅप्टनच्या बाजूची पिटो नळी मातीनं बुजली. पहिला टेकऑफ त्यांनी वेगात फरक दिसला म्हणून सोडला, तपासून पुन्हा उडाले, आणि मग परत येऊन उतरावं लागलं.

कुंभारीण माशीची मादी ओल्या मातीची गोळी करून तोंडात धरून आणते. भोक तयार मिळालं तर तिला सोयीचंच. आत बेशुद्ध केलेल्या अळ्या किंवा कोळी ठेवते, अंडं घालते आणि तोंड लिंपते. कुलपाच्या भोकात, मोटरीच्या पेटीत, भिंतीच्या खिळ्याच्या भोकात आपण सगळ्यांनी ही घरं पाहिली आहेत. हिच्याशी वैर नको, पिकांवरच्या पुष्कळ अळ्या ती उचलते. फवारणी करून ती जाणारही नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. एप्रिलमध्ये माळावर चिखल येतो कुठून? तिला ओली माती लागतेच, आणि ती शक्यतो जवळून आणते. तुमच्या विमानांच्या उभं राहायच्या जागेजवळ कुठंतरी पाणी गळत असणार. तेवढं शोधा.

तेरणाकाठची

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आज सकाळी आम्ही तिघी हँगरच्या मागं गेलो. विमानं धुवायच्या नळाचा वॉशर गेलेला. खाली ताटाएवढा चिखल, आणि त्या चिखलावर माश्या बसलेल्या. आम्ही तिथं उभ्या असताना एक गोळी घेऊन उडाली ती सरळ ॲप्रनच्या, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेच्या दिशेनं.

सरांना बोलावून दाखवलं. दुपारपर्यंत वॉशर बदलून झाला, खड्ड्यात मुरूम टाकला. दोन सॉर्टींच्या मध्येही कव्हर घालायचं आणि प्रत्येक उड्डाणाआधी टॉर्च मारून नळीत बघायचं, हे आजपासून आमच्या यादीत लेखी आलं. फिटर काकांचं फुंकण्याबद्दलचं वाक्यही सरांनी त्याच कागदावर लिहायला लावलं.

इंजिन उतरवलं आहे, ते खोलायला जाईल. उड्डाणं दुसऱ्या विमानावर सुरू झाली आहेत. माझी सॉर्टी परवा सकाळी सातची, त्याच सरांबरोबर. रानातल्या काकांकडं आम्ही रविवारी येतोय, सहा जण.